या शाळेनं आम्हाला काय दिलं?

५ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरांनी सांगितलं, राग आला की माणसांवर काढू नका, वहीत काढा. रक्तदाब उतरेल. नडीननं लगेच वही आणून दिली. शंभर पानी. इतकी वर्षं संसार करूनही बायकोला माझ्या रागाचा अंदाज आलेला नाही.

राग पहिला: घरपट्टी. आमच्या न्यू हॅम्पशायर राज्यात पगारावर कर नाही, खरेदीवर कर नाही, याचा सगळ्यांना कोण अभिमान! म्हणून मग सगळं घराच्या डोक्यावर. आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा जातो कुठे? शाळेत. मी बहात्तर वर्षांचा. माझी शाळा कधीच सुटली, आणि तीही दुसऱ्या गावची होती. मूलबाळ नाही, नातवंडांचा प्रश्नच नाही. तरी या वेस्ट हार्लो गावच्या पोरांच्या खडूंचे, रंगांचे आणि ट्रॉम्बोन नावाच्या पिपाणीचे पैसे मी भरायचे. शिसारी येते.

संकल्प: एक, रागवायचं नाही. दोन, डोनट बंद. तीन, मार्चमध्ये गावाची वार्षिक सभा भरेल, शाळेचं बजेट मतदारांच्या मतांवर ठरेल, तेव्हा ते कापून दाखवायचं.

त्याच दिवशी, दुपारी

डोनट एकच खाल्ला. नडीननं घरी तळलेला होता, फेकणार कुठे?

७ जानेवारी

नडीन आज पुन्हा कापडी पिशवी घेऊन गेली. मंगळवार-गुरुवार जाते. चर्चमध्ये बायका गोधड्या शिवतात, तिथे. परत आली तेव्हा बाहीला गोंद आणि चमकी. गोधडीला चमकी! या गावाची अभिरुची कुठल्या थराला गेली आहे. संध्याकाळी माझ्या कुस्करलेल्या बटाट्यात एक निळी चमकी निघाली. थुंकलो. नडीन म्हणाली, जाऊ दे की पोटात, तेवढाच तुझ्यात कुठेतरी उजेड पडेल.

१४ जानेवारी

शाळेत बजेटची सुनावणी. आत पाऊल टाकलं की एक वास येतो, ओले मोजे आणि वितळलेलं चीज. नाक दाबून चालावं लागतं. (रोज चार वाजता तिथल्या कॉरिडॉरमध्ये चालायला जातो तेव्हाही येतो. हिवाळ्यात रस्त्यावर म्हातारी माणसं घसरतात, म्हणून शाळा सुटल्यावर आम्हाला आत फिरू देतात. फुकट. तो वेगळा विषय.)

मुख्याध्यापिका मिस फॅरंड. तिशीची असेल, गळ्यात शिट्टी. म्हणाली, नवा बॉयलर हवा, संगीताची बाई पूर्ण वेळ हवी. मी उठलो. मी एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले आहेत. लोकांच्या जळलेल्या घरांत उभा राहून शांतपणे नाही म्हणालो आहे, तिथे बॉयलरची काय कथा! मी म्हणालो, बजेटचा पाचवा हिस्सा कापा. मिस फॅरंड म्हणाली, मिस्टर पेटेंगिल, तेवढं कापलं तर शाळा बंद होईल, पहिलीच्या मुलांनाही पाऊण तास बसनं दुसऱ्या गावाला जावं लागेल. मी म्हणालो, जाऊ दे, खिडकीतून निसर्ग दिसतो. लोक हसले. माझ्या बाजूनं हसले.

मग ती म्हणाली, तुम्ही रोज चालता तो कॉरिडॉर त्याच बॉयलरवर गरम होतो. विषयांतर. शिकलेल्या माणसांना मुद्द्यावर राहता येत नाही, हाच शाळेविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा.

२० जानेवारी

'वेस्ट हार्लो ज्येष्ठ करदाता आघाडी' स्थापन केली. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष शेजारचा क्लेटन थिबोडो, निवृत्त प्लंबर. क्लेटन माझा उजवा हात. त्याचे दोन्ही हात मात्र नडीनच्या डोनटांच्या ताटात. म्हणाला, हॉलिस, माझ्या दोन नाती आहेत रे त्या शाळेत. मी त्याला तत्त्व समजावलं. त्यानं साखर पुसली आणि म्हणाला, डोनट मस्त झालेत. होकार समजून नोंद केली.

तो गेल्यावर नडीन म्हणाली, घरपट्टी इतकी जड जात असेल तर म्हाताऱ्यांना सवलत असते, नगर कचेरीत जाऊन अर्ज कर. मी म्हणालो, सवलत म्हणजे भीक. शिवाय तिथे घरात काय काय आहे ते सगळं दाखवावं लागतं. बर्फावर पळवायची नवी स्नोमोबिलसुद्धा. म्हणजे एखाद्यानं आयुष्यभर काटकसर करून शेवटी एक स्नोमोबिल घेतली तर तो गरीब नाही! न्याय बघा.

१७ फेब्रुवारी, शाळेच्या जिममधून

काल बर्फाचा पाऊस झाला. तारा तुटल्या, अख्ख्या गावाची वीज गेली. जनरेटर एकट्या शाळेत, म्हणून निम्मं गाव इथे येऊन पडलं आहे. मी नडीनच्या आग्रहाखातर आलो. घरात तसं काही थंड नव्हतं. नळ गोठले होते एवढंच.

सगळंच किळसवाणं. कापडी खाटा. शेजारच्या खाटेवर कुणाचे तरी उघडे पाय. भिंतीवर पोरांची चित्रं, एका गाईला पाच पाय, आणि यावर शिक्षिकेनं चांदणी चिकटवली आहे! सूप पाणचट. खात्री करून घ्यायला तीन वाट्या प्यालो, तिन्ही पाणचट.

दुपारी एक दात पडलेली पोरगी धावत आली आणि तिनं नडीनच्या कमरेला मिठी मारली. नडीननंही तिला जवळ घेतलं. पाहा, शाळा हे शिकवते. दिसेल त्या अनोळखी माणसाला मिठ्या मारायच्या. उद्या भुरट्या चोराला मारतील.

बॉयलर सारखा खोकत असतो. पण चालतो! म्हणजे नवा नको. हा मुद्दा सभेत मांडणार.

१८ फेब्रुवारी

सकाळी बॉयलर बंद पडला. क्लेटननं पान्यानं चार ठोके घालून चालू केला. हा मुद्दा सभेत मांडणार नाही.

२७ फेब्रुवारी

भाषण तयार. स्वयंपाकघरात नडीनसमोर म्हणून दाखवलं. शेवट असा आहे: 'मित्रहो, नडीनला आणि मला मूल झालं नाही. आमच्या घरातून एकही पोर कधी या शाळेत गेलं नाही. मग या शाळेनं आम्हाला काय दिलं, की आम्ही तिला द्यावं?' इथे थांबायचं, सगळीकडे नजर फिरवायची, खाली बसायचं.

नडीन नळाकडे तोंड करून ताट धूत होती. धुतलेलं ताट तिनं पुन्हा धुतलं. भाषणाचा असा परिणाम मी आयुष्यात पाहिला नाही. जिममध्ये तर रडारड होईल.

संकल्प: सभेपर्यंत रोज तालीम.

५ मार्च

आघाडीचं बळ वाढतंय. फोन करून करून घसा बसला. सगळे येतो म्हणाले, पण एकेकाच्या अटी ऐका. एकाला उशी हवी. एकाला बाथरूमजवळची खुर्ची. एकजण म्हणाला, दुपारी दोनच्या आत घरी सोडणार असशील तर येतो, माझी झोपेची वेळ असते. या लोकांच्या जोरावर देश उभा राहिला! सगळ्यांना शब्द दिला.

नडीन रोज संध्याकाळी गावाची छापील वार्षिक पुस्तिका घेऊन बसते. मागच्या पानावर सभेचे नियम असतात, तेच वाचत होती. मला म्हणाली, तू वाचलेस का? मी म्हणालो, विम्याच्या करारांतलं बारीक अक्षर वाचण्यात माझं आयुष्य गेलं, मला कोण नियम शिकवणार? ती म्हणाली, बरं.

चला, तिलाही रस वाटू लागला. माझ्या तालमींचं फळ.

१२ मार्च, शनिवार, सकाळी

आज सभा. निळा टाय. नडीननं न सांगता इस्त्री करून ठेवला होता. गुणी बाई.

आजच सकाळी शेजारच्या गावी शाळेच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना आहे. म्हणजे सगळे तरुण आईबाप तिकडे टाळ्या पिटत बसणार आणि जिममध्ये आम्ही. हे मला आधीपासून माहीत होतं का? होतं.

डोनट दोन. भाषणाला बळ लागतं.

१२ मार्च, दुपारी अडीच, घरी

जिंकलो!!

क्रमानं लिहितो. जिममध्ये नेहमीप्रमाणे प्रत्येक मतदाराला दारातच नारिंगी कार्ड मिळालं. मत म्हणजे ते कार्ड वर धरायचं. सभेचा अध्यक्ष मेरिल विगिन. गायींच्या बाजारात लिलाव पुकारायचा, आवाज अजून तसाच. सुरुवातीला उभा राहून नियम वाचत बसला, फेरविचार, अमुक बाजू, तमुक बाजू. तेवढ्या वेळात मी कॉफी घेऊन आलो. कॉफी नव्हे, गढूळ पाणी. अनुभवी माणूस वेळ असा वापरतो.

मग शाळेचं बजेट पुकारलं. मी उपसूचना मांडली, पाचवा हिस्सा कमी करा. भाषण केलं. मूल नसल्याचं वाक्य आलं तेव्हा लोक जमिनीकडे बघू लागले. नडीन स्वतःच्या हातांकडे बघत होती. मी मात्र ठरल्याप्रमाणे सगळीकडे नजर फिरवून खाली बसलो.

मतदान. माझ्या सगळ्या म्हाताऱ्यांची कार्डं वर. आणि नडीन! इतकी वर्षं झाली लग्नाला, माझ्या कुठल्याही ठरावावर कधी हो म्हणाली नव्हती. तिचं कार्ड सगळ्यांच्या आधी वर, तेही अगदी हात ताणून, मेरिल विगिनला नीट दिसेल असं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॉफीची वाफ असावी.

थोडक्यात, पण जिंकलो. मिस फॅरंडचा चेहरा पडला. नडीननं तिच्याकडे पाहून हळूच मान हलवली. हरलेल्याचं सांत्वन करायची बायकांना सवयच असते.

क्लेटन कानाशी लागला. हॉलिस, फेरविचार नको असा ठराव लगेच मांड, विषय कुलपात जाईल, नाहीतर दुपारी पुन्हा उघडतील. मी म्हणालो, काय घाई आहे, जेवणाची रांग बघ केवढी झाली. दर वर्षी आठवीची पोरं सहलीसाठी हॅम आणि बीन्स विकतात. हॅम चिवट, बीन्स गोड मिट्ट. शाळेत स्वयंपाकही शिकवत नाहीत म्हणजे. दोनदा घेतलं, कारण पहिलं ताट निकालाच्या आनंदात नीट लक्षात आलं नाही.

जेवल्यावर आघाडीला शब्दाप्रमाणे दोनच्या आत घरी सोडलं. बाकीचे विषय उरले होते, पण ते पुलाचे आणि फायरब्रिगेडच्या नळ्यांचे. नडीन म्हणाली, मी भांडी घासायला थांबते. म्हटलं थांब. गुणी बाई.

आता जरा पडतो. विजयी माणसालाही पाठ असते.

१२ मार्च, संध्याकाळी सात

पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. राग वहीत काढायचा असतो म्हणून काढतो.

क्लेटनचा फोन. म्हणाला, उठलास का? बसून ऐक. अडीचच्या सुमारास सामना संपवून तरुण मंडळी आली. पोरं जिंकली होती, सगळे गळ्यात मफलर बांधून ओरडत आत. पुलाचा विषय संपला आणि मेरिल विगिननं विचारलं, आणखी काही? तर नडीन उठली. पुसायचं फडकं खांद्यावर तसंच. माइकपाशी गेली आणि म्हणाली, मी शाळेच्या बजेटच्या फेरविचाराची सूचना मांडते.

मी म्हणालो, नियमात बसत नाही! क्लेटन म्हणाला, बसतं. जो माणूस जिंकलेल्या बाजूनं मत देतो, त्यालाच विषय पुन्हा उघडता येतो. मेरिलनं सकाळी वाचला ना हा नियम, तू कॉफीला गेला होतास. मेरिलनं तिला विचारलं, मॅडम, तुम्ही सकाळी कुठल्या बाजूनं मत दिलंत? ती म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या. सगळ्यांनी पाहिलंय. मेरिल म्हणाला, मीही पाहिलंय.

मी विचारलं, भाषण केलं का तिनं? क्लेटन तोंडात काहीतरी चघळत होता, डोनट असणार. मग म्हणाला, केलं, पण छोटंसं. म्हणाली, हॉलिसनं सकाळी विचारलं की या शाळेनं आम्हाला काय दिलं. त्यानं विचारलंय म्हणून सांगते. मंगळवार दिले आणि गुरुवार दिले. पहिलीतली मुलं त्या दिवशी माझ्यापाशी बसून वाचायला शिकतात. एकीचा दात वाचता वाचता माझ्या हातात पडला. आम्हाला मूल झालं नाही हे खरं आहे. पण ते माझं दुःख आहे. त्याचं बिल मी या पोरांच्या नावानं फाडणार नाही.

आणि जाऊन बसली म्हणे. टाळ्यासुद्धा कुणी वाजवल्या नाहीत, एकदम कार्डंच वर झाली. बजेट जसंच्या तसं. वर बॉयलर.

मी विचारलं, आणि तू, क्लेटन? म्हणाला, दोन नाती आहेत रे.

गद्दार. चघळत चघळत सांगतो.

१३ मार्च

सगळा दोष बीन्सचा. इतकं गोड खाल्ल्यावर कुणालाही झोप लागेल. शिवाय सभा आणि सामना एकाच दिवशी ठेवणं हा उघड कट आहे. शिवाय नियम बारीक अक्षरात होते.

नडीन काल भांडी आटोपून अंधार पडता पडता आली. माझ्यासाठी झाकून ताट आणलं होतं. हॅम आणि बीन्स. मी तोंड फिरवलं. मी विचारलं, इतके महिने मला फसवलंस? म्हणाली, सप्टेंबरातच सांगितलं होतं. तू शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होतास. मी म्हणाले, मी शाळेत मुलांना वाचायला शिकवायला जाणार आहे. तू म्हणालास, छान. मी म्हणालो, ते पन्हळीला म्हणालो असेन. म्हणाली, असशील.

गोधड्यांचं तिनं कधी काढलंच नव्हतं. ते माझं मीच काढलं होतं, असं दिसतं. कापडी पिशवी पाहून कुणाचीही चूक झाली असती.

मग जाता जाता जिन्यात थांबली. म्हणाली, ते वाक्य दोन आठवडे रोज माझ्यासमोर म्हणत होतास. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस.

पाहणार कसं? चष्मा वाचायचा होता.

ताट खाल्लं. गार झाल्यावर बीन्स जास्तच वाईट लागतात.

१५ मार्च, मंगळवार

नडीन पिशवी घेऊन निघाली. दारात विचारलं, येतोस? म्हणालो, नाही. तत्त्व आहे. म्हणाली, तुझी मर्जी. दिवसभर घर भलतंच शांत होतं. घड्याळाचा आवाज किळसवाणा आहे, आजच लक्षात आलं.

चारला चालायला गेलो. कॉरिडॉर गरम. भिंतीवर नवं चित्र लावलंय. पिवळ्या केसांची बाई खुर्चीत, भोवती खूप डोकी. खाली वेडंवाकडं लिहिलंय, मिसेस पेटेंगिल. केसांचा रंग चुकला, ते आता पांढरे आहेत. एका हाताला सहा बोटं. बराच वेळ उभा होतो, चुका मोजायला. मिस फॅरंड जाताना गुड आफ्टरनून म्हणाली. टोमणा असणार.

१९ मार्च

नडीन अजून कमीच बोलते. जेवण वेळेवर वाढते, डोनटही करते, पण तळताना पूर्वी गुणगुणायची ते बंद आहे. मला त्या गाण्याचा नेहमीच वीट यायचा. आता म्हणते का ते कान देऊन बघतो. नाही म्हणत.

२ एप्रिल

हार मानणाऱ्यातला मी नव्हे. पुढच्या मार्चची तयारी आजपासून. या वेळी नियम आधी वाचणार. कॉफी घरून नेणार. बीन्स नाहीत. आघाडीतले तिघे राजीनामा देऊन गेले, पण निवडक माणसं असली की काम सुटसुटीत होतं. क्लेटनला उपाध्यक्षपदावरून काढलं. तो म्हणाला, मी उपाध्यक्ष होतोच कुठे, मला वाटलं आपण नुसते डोनट खायला जमतो.

भाषण पुन्हा लिहायला घेतलं. पहिलं बरंच लांबलं होतं, लोक कंटाळले म्हणूनच दुपारी उलटले. म्हणून कापाकापी केली. आम्हाला मूल झालं नाही ते वाक्य काढून टाकलं. दुसऱ्या कशामुळे नाही, लांबी कमी करायला. मग शाळेनं काय दिलं हा प्रश्नही काढला, कारण त्याचं उत्तर एकदा सभेच्या नोंदीत गेलेलं आहे.

आता भाषणात दोन ओळी उरल्या आहेत. त्यातली एक आभाराची आहे.